दर्प आणि कंप : एन्नोरच्या फिरत्या कामगारांना सावध करण्याविषयी एक संवाद

ज्या कामगाराचे काम एका जागेला बांधलेले नसते, त्याच्यापर्यंत धोक्याची सूचना वेळेत पोहोचवणे हा औद्योगिक सुरक्षेतला जुना आणि अजूनही नीट न सुटलेला प्रश्न आहे. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसासमोर पडदा असतो आणि यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर भोंगा असतो. परंतु बंदराकडे निघालेला ट्रेलरचालक, नळवाहिनीच्या कडेने पायी गस्त घालणारा पहारेकरी, आज या टाकीवर तर उद्या त्या जेटीवर रंगकाम करणारी कंत्राटी टोळी आणि खाडीच्या तोंडाशी जाळे टाकणारा मच्छीमार या सर्वांचे डोळे कामात गुंतलेले असतात आणि कान इंजिनाच्या, वाऱ्याच्या किंवा हातोड्यांच्या आवाजाने भरलेले असतात. अशा माणसाकडे सूचना घेणारी दोन ज्ञानेंद्रिये मोकळी उरतात, ती म्हणजे त्वचा आणि नाक. मनगटावरच्या पट्ट्यातून, खिशातल्या फोनमधून किंवा जाकिटाला लावलेल्या यंत्रातून ठरावीक लयीत दिलेल्या कंपाला येथे स्पर्शसंकेत म्हटले आहे, आणि धोका कळावा म्हणून मुद्दाम हवेत किंवा वायूत मिसळलेल्या, ओळखता येईल अशा वासाला गंधसंकेत म्हटले आहे.

एन्नोर हे चेन्नई महानगराचे उत्तरेकडचे टोक होय. कोसस्थलैयार नदी येथे खाडीवाटे बंगालच्या उपसागराला मिळते, बकिंगहॅम कालवा याच खाडीशी जोडलेला आहे, दक्षिणेला मणलीचा तेलशुद्धीकरण आणि रसायनांचा पट्टा आहे, तर उत्तरेला औष्णिक वीजकेंद्रांच्या कोळशासाठी उभारलेले आणि २००१ मध्ये सुरू झालेले बंदर आहे, ज्याला २०१४ पासून कामराजर बंदर असे नाव आहे. एन्नोर ते पुलिकत या खाजणपट्ट्यात इरुळर समाजातील माणसे कमरेभर पाण्यात उतरून तळाच्या चिखलात हातांनी चाचपडत कोळंबी पकडतात. म्हणजे गढूळ पाण्याखाली काय आहे याची खबर हाताच्या स्पर्शातून मिळवणारा कामगारवर्ग येथे स्पर्शसंकेतांची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि वीजकेंद्राच्या राखवाहिन्यांतून गळालेली राख त्या चिखलावर साचली तेव्हा तो बदलही आधी त्यांच्याच हातापायांना कळला.

डिसेंबर २०२३ मध्ये या पट्ट्यावर तीन आपत्ती ओळीने आल्या. महिन्याच्या आरंभी मिचाँग चक्रीवादळाचा पूर आला, त्या पुराबरोबर मणलीकडून वाहून आलेले तेल खाडीभर पसरले आणि ते उपसण्याच्या कामाला स्थानिक मच्छीमारच लागले, आणि २६ डिसेंबरच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास कोरोमंडल इंटरनॅशनल या खत कारखान्याकडे जहाजातून अमोनिया आणणाऱ्या समुद्राखालच्या नळवाहिनीतून वायू फुटून बाहेर आला. पेरियकुप्पम, चिन्नकुप्पम आणि आसपासच्या वस्त्यांतली माणसे उग्र दर्पाने, डोळ्यांच्या चुरचुरीने आणि गुदमरल्याने जागी झाली, मुलाबाळांना घेऊन अंधारात रस्त्यावर आली, आणि पन्नासाहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या रात्री सर्वांत आधी जागा झालेला पहारेकरी नाक होते. ही गोष्ट अभिमानाची मानायची की लाजेची, यावर पुढील संवादातल्या दोन भूमिकांचे एकमत होत नाही. या भूमिका रचलेल्या आहेत आणि चर्चेच्या सोयीसाठी त्यांना एक सुरक्षा-अभियंता व एक कामगार-आरोग्याच्या डॉक्टर अशी रूपे दिली आहेत.

अभियंता : डॉक्टरबाई, त्या रात्री जे यंत्र चालले त्याला ना वीज लागली, ना सिमकार्ड, ना भाषा. ते यंत्र प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होते. अशी फुकटची आणि सर्वत्र पोहोचणारी यंत्रणा हाताशी असताना तिचा शिस्तशीर उपयोग करून घेऊ नये, असे कसे म्हणता येईल? खाणीत हे फार पूर्वीपासून केले जाते. जमिनीखाली शेकडो मीटरवर, वेगवेगळ्या बोगद्यांत विखुरलेल्या माणसांना भोंगा ऐकू जात नाही आणि दिवा दिसत नाही, म्हणून आग लागली की वायुवीजनाच्या किंवा दाबाखालच्या हवेत इथाइल मरकॅप्टनसारखा सडक्या वासाचा पदार्थ सोडतात आणि तो वास आला की हातातले काम टाकून सुरक्षित जागी जायचे, एवढेच प्रत्येक खाणकामगाराला शिकवलेले असते. अमेरिकेच्या खाण विभागाने याचे प्रयोग १९२० च्या सुमारास केले आणि उत्तर अमेरिकेतील खाणींत ही पद्धत आजही चालू आहे. घरच्या गॅस सिलिंडरमध्येही हाच प्रकार आहे. मूळ वायूला वास जवळपास नसतोच. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला, जवळपास तीनशे मुले आणि शिक्षक मरण पावले, आणि त्यानंतर इंधनवायूत दर्प मिसळण्याची सक्ती पसरत गेली. हवेत वायूचे प्रमाण पेट घेण्याच्या किमान पातळीच्या एक-पंचमांश होण्याच्या आतच वास जाणवला पाहिजे, असा त्यामागचा सर्वसाधारण दंडक आहे. गंधसंकेताने वाचवलेल्या माणसांची गणती कोणी ठेवत नाही, कारण स्फोट न झालेल्या घराची बातमी होत नाही.

डॉक्टर : इंजिनिअरसाहेब, खाणीचे आणि सिलिंडरचे उदाहरण अचूक आहे, आणि म्हणूनच ते एन्नोरला लागू पडत नाही. या दोन्ही ठिकाणी संकेत आणि संकट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मरकॅप्टनचा वास येतो तेव्हा आग अजून दूर असते, गॅस अजून पेटलेला नसतो, शरीराला इजा झालेली नसते, आणि संकटाच्या कितीतरी आधी संकेत पोहोचेल असे कोणीतरी हिशेबाने ठरवलेले असते. एन्नोरच्या रात्री संकटच संकेत होऊन आले. ज्या श्वासाने कळले, त्याच श्वासाने इजा झाली. याला यंत्रणा म्हणणे म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर उत्तम चालला म्हणून समाधान मानण्यासारखे आहे. भोपाळच्या कारखान्यातही हेच घडत होते. डोळ्यांतून पाणी येऊ लागले की कुठेतरी मिथाइल आयसोसायनेट गळते आहे असे कामगारांनी समजून घ्यायचे, ही तिथली वहिवाट होती, आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री गळतीची पहिली खबर कामगारांच्या डोळ्यांनीच दिली. माणसाचा डोळा हा त्या कारखान्याचा वायुमापक झाला होता.

या टप्प्यावर आकड्यांकडे वळणे भाग आहे, कारण नाक किती लवकर जागे होते या प्रश्नाचे उत्तर मोजता येते. भारताच्या २००९ च्या हवेच्या गुणवत्तेच्या मानकांनुसार अमोनियाची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटर हवेत ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. दशलक्ष भागांच्या हिशेबात हे प्रमाण अर्ध्या भागाहून किंचित अधिक भरते. गळतीनंतर तामिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याच्या दाराजवळ केलेल्या मोजणीत २,०९० मायक्रोग्रॅम, म्हणजे दशलक्षात सुमारे तीन भाग अमोनिया आढळला. अमोनियाचा वास बहुतेक माणसांना दशलक्षात पाच भागांच्या आसपास जाणवू लागतो; कोणाला त्याहून कमी प्रमाणात, तर कोणाला बरेच अधिक प्रमाण झाल्यावर. चोवीस तासांची सरासरी आणि एका क्षणाची मात्रा यांची थेट तुलना करता येत नाही, हे ध्यानात घेऊनही एवढे उघड आहे की कायद्याने ठरवलेली मर्यादा पाच पटींनी ओलांडली गेली तरी अनेकांच्या नाकाला ते कळणारच नाही. फिरत्या कामगाराच्या संदर्भात हे अधिक गंभीर आहे, कारण तो एका जागी स्थिर नसल्यामुळे वायूच्या पातळ कडेतून दाट भागात चालत किंवा वाहन चालवत शिरण्याची शक्यता त्याच्याच बाबतीत सर्वाधिक असते.

अभियंता : आकडे मान्य आहेत, परंतु एक गोष्ट आपल्या मांडणीत बसत नाही. गाढ झोपेतली माणसे त्या रात्री उठली, ती वासानेच ना?

डॉक्टर : वासाने उठली असे आपण म्हणतो, शरीरशास्त्र तसे म्हणत नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात कार्सकॅडन आणि हर्ट्झ या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा सुगंध आणि पिरिडिन नावाच्या द्रव्याचा दुर्गंध देऊन पाहिला आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडला की झोप नुकतीच लागत असताना वास कळतो, परंतु झोप जरा खोल गेली की माणूस वासाने जवळजवळ उठतच नाही. साध्या आवाजाने मात्र उठतो. याउलट जपानमध्ये कर्णबधिरांसाठी वासाबी या झणझणीत मुळाच्या अर्काचा फवारा सोडणारा आगसूचक तयार झाला, त्याने झोपलेली माणसे उठली, आणि त्याच्या निर्मात्यांना २०११ चा इग-नोबेल पुरस्कार मिळाला. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे ते नाहीत. नाकात दोन वेगळ्या तंत्रिका काम करतात. एक गंध-तंत्रिका, जी चंदन की रॉकेल हे ओळखते. दुसरी चेहऱ्याची स्पर्श, उष्णता आणि वेदना वाहून नेणारी त्रिमूल तंत्रिका, जी झोंबणे, चुरचुरणे, ठसका लागणे हे कळवते. वासाबी आणि अमोनिया ही दोन्ही द्रव्ये या दुसऱ्या तंत्रिकेला डिवचतात. पेरियकुप्पमची माणसे गंधाने जागी झाली नाहीत, त्यांना वेदनेने उठवले.

अभियंता : मग डॉक्टरबाई, आपण नकळत स्पर्शसंकेताचीच बाजू मांडलीत. जागे करण्याचे काम जर खरे तर स्पर्शाच्या तंत्रिकांनीच केले असेल, तर तोच स्पर्श इजा न करता, वायू पोहोचण्याच्या आधी, एखाद्या पट्ट्याच्या कंपाने का देऊ नये? त्वचेच्या खोल थरात पॅसिनीची कणिका नावाची सूक्ष्म संवेदनग्राहके असतात आणि सेकंदाला अडीचशेच्या आसपास असलेली कंपने त्यांना सर्वांत तीव्रतेने जाणवतात. फोनमधली कंपनयंत्रे या पट्ट्याच्या जवळपासच चालवली जातात. कंप म्हणजे केवळ एक धक्का असेही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक गेल्डर्ड यांनी १९५७ मध्ये दाखवले की कंपाची जागा, जोर आणि कालावधी बदलून त्यातून अख्खी अक्षरमाला बनवता येते आणि सरावाने माणसे छातीवरच्या कंपांतून वाक्ये वाचू शकतात. बंदरातल्या कामगाराला वाक्ये वाचायची नाहीत. ‘थांबा’, ‘निघा’ आणि ‘तोंडावर ओले फडके धरा’ एवढे तीन संकेत त्याला पुरेत. अमोनिया पाण्यात अतिशय सहज विरघळतो, त्यामुळे यातला तिसरा संकेत दिसायला साधा असला तरी मोलाचा आहे. शिवाय यासाठी नवे जाळे उभारायला नको. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये देशभर सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एकेका भागातले सगळे फोन एकाच वेळी मोठ्याने वाजले आणि थरथरले. या पद्धतीत प्रत्येक क्रमांकाला वेगळा संदेश जात नाही; मनोऱ्याच्या कक्षेत जो जो फोन असेल त्या सर्वांना तो एकदम मिळतो. परगावाहून तासाभरासाठी आलेल्या ट्रेलरचालकाचे नाव कोणत्याही यादीत नसले तरी त्याच्या खिशात कंप पोहोचतो. फिरत्या माणसासाठी याहून योग्य रचना सुचत नाही.

या युक्तिवादाचे वजन मान्य केले पाहिजे. यादी न लागणे हा सेल ब्रॉडकास्टचा गुण भारतीय बंदरांच्या बाबतीत विशेष मोलाचा आहे, कारण तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांपैकी अनेकांची नावे मुख्य आस्थापनेच्या हजेरीपटावर नसतात. डॉक्टरांचे उत्तर या गुणाला नाकारत नाही. ते ज्या शरीराला हा कंप जाणवायचा आहे, त्या शरीराकडे लक्ष वेधते.

डॉक्टर : कंप पाठवला गेला म्हणजे तो जाणवला असे नसते. १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरांनी इंडियानातील चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी वापरणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी आणि बधिर पडत असल्याचे नोंदवले. कंपणारी हत्यारे वर्षानुवर्षे धरणाऱ्या माणसांच्या हातांतली कंपाची जाणीवच क्षीण होत जाते. म्हणजे फुटपाथ फोडणारा, जेटीवरचा गंज झाडणारा, ग्राइंडर चालवणारा कामगार, ज्याचे कान आवाजाने आधीच बंद आहेत आणि ज्याच्यासाठी आपण हा पट्टा प्रामुख्याने योजता, त्याच्याच हाताला तो सर्वांत कमी कळणार. मधुमेहाचेही तसेच आहे. दवाखान्यात तळपायाची संवेदना तपासताना कंपणारा नादकाटा हाडावर टेकवतात, कारण मज्जातंतू बिघडू लागले की कंपाची जाणीव आधी जाते. आणि आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. मासेमारी होडीवर तर बसण्याची फळी, सुकाणू आणि तळ हे सगळेच इंजिनाबरोबर थरथरत असते. त्यात खिशातल्या फोनची थरथर वेगळी कशी ओळखायची? आणि फोन बहुधा खिशात नसतोच, तो भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून होडीच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो.

अभियंता : ही कारणे पट्टा नाकारायची नाहीत, तो नीट बनवायची आहेत. हाताऐवजी दंडावर किंवा छातीवर बांधा, इंजिनाच्या सलग थरथरीपेक्षा वेगळी अशी तुटक लय ठेवा, आणि प्रत्येक कामगाराला तो जाणवतो का हे कामावर घेताना तपासा, जशी वाहनचालकाची दृष्टी तपासतात.

डॉक्टर : तपासणीत ज्याला कंप जाणवला नाही, त्याचे काय? त्याला पट्टा मिळणार नाही की काम?

अभियंत्याकडे या प्रश्नाचे तयार उत्तर नाही. तरीही त्याची पुढची मांडणी या चर्चेतली सर्वांत उपयोगी आहे, कारण धोका आहे हे कळण्यापेक्षा कोणत्या बाजूला निघावे हे कळणे फिरत्या माणसासाठी अधिक मोलाचे असते, आणि तिथे नाक जवळजवळ निरुपयोगी ठरते.

अभियंता : वास दिशा सांगत नाही. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुंबईत चेंबूर, घाटकोपर, पवई आणि पश्चिम उपनगरांतूनही गॅसच्या वासाच्या तक्रारींचा पाऊस पडला. अग्निशमन दल, महापालिका आणि गॅस कंपनीची पथके रात्रभर फिरली, आणि तरीही वास नेमका कुठून येतो आहे हे त्या रात्री सापडले नाही. सव्वा कोटींच्या शहरातली एवढी नाके मिळूनही उगमाचा पत्ता लागला नाही. एन्नोरला डिसेंबरात ईशान्य मोसमी वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि रात्री जमिनीवरचा वारा त्यांत मिसळून दिशा बदलू शकतो. वायूचा ढग ज्या दिशेने सरकतो आहे त्याच दिशेने धावणारा माणूस ढगाबरोबर धावत राहतो. वाऱ्याला आडवे जाणे हाच सुटकेचा मार्ग, आणि तो अंधारात कोणत्या हाताला आहे हे वास सांगू शकत नाही, कंप सांगू शकतो. अमेरिकी नौदलासाठी अँगस रूपर्ट यांच्या चमूने वैमानिकांच्या जाकिटात अंगाभोवती कंपनयंत्रे बसवली होती, ज्यामुळे ढगात किंवा अंधारात विमान कोणत्या बाजूला कलते आहे हे त्या बाजूच्या कंपाने वैमानिकाला समजे. तसाच चार कंपनयंत्रांचा साधा कमरपट्टा ट्रेलरचालकाला आणि गस्तवाल्याला द्यावा. वाऱ्याचे माप घेणारे यंत्र ज्या बाजूला जाणे सुरक्षित ठरवेल, त्या बाजूचा कंप सुरू होईल.

डॉक्टर : ही सूचना मनापासून मान्य. फक्त त्या पट्ट्याला आणखी काय काय कळेल, हेही आजच ठरवावे लागेल. दिशा सांगायची तर पट्ट्याला माणसाची जागा माहीत असावी लागते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली ती हजेरी आणि हालचाल मोजण्यासाठी. कोण कुठे आणि किती वेळ थांबला हे त्यातून वरच्यांना दिसू लागले. ज्या पट्ट्यावर जीव वाचवण्याची भिस्त ठेवायची, तोच पट्टा सावलीत बसलेल्या पाच मिनिटांची नोंद करत असेल, तर कामगार तो काढून ठेवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

अभियंता : मग जागेची नोंद पट्ट्यातच राहावी आणि धोक्याच्या वेळेखेरीज बाहेर जाऊ नये, अशी रचना करता येते. तंत्राच्या दृष्टीने ते कठीण नाही.

डॉक्टर : तंत्राच्या दृष्टीने कठीण नसलेली आणखी एक गोष्ट पाहा. आज कामगारांच्या छातीला जो वायुमापक लावतात, तो चार वायूंचा असतो: प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. तो वाजतो, चमकतो आणि थरथरतोही. म्हणजे स्पर्शसंकेत त्यात आधीपासून आहे. मात्र या चारांत अमोनिया नाही. त्यासाठी वेगळे संवेदक मागवून बसवावे लागते. अमोनियाच्या नळवाहिनीशेजारी हा नेहमीचा मापक छातीला लावून माणूस उभा असेल, तर वायू त्याच्या घशापर्यंत पोहोचला तरी मापकाला तो दिसणार नाही. याउलट मणलीच्या गटारांत उतरणाऱ्या माणसाला नाकावर विसंबायला सांगणे हा जिवाशी खेळ आहे, कारण हायड्रोजन सल्फाइडचा कुजलेल्या अंड्याचा वास अगदी थोड्या प्रमाणात कळतो, परंतु दशलक्षात शंभर भागांच्या आसपास तो वायू नाकाची जाणीवच बधिर करतो आणि वास गेला म्हणून धोका टळला असे वाटत असतानाच माणूस कोसळतो. कोणता वायू, कोणते इंद्रिय आणि कोणते शरीर यांची जोडी प्रत्येक ठिकाणी वेगळी लावावी लागते. आणखी एक भर आहे. तेलगळतीनंतर आठवड्यानुआठवडे ज्या वस्त्यांनी तेलाच्या वासात दिवस काढले, तिथल्या नाकांना तो वास येईनासा झाला असेल, कारण सतत येणाऱ्या वासाची जाणीव बोथट होणे हा नाकाचा स्वभाव आहे. अशा हवेत आणखी एक मुद्दाम बनवलेला दुर्गंध सोडून त्याला इशारा म्हणणे योग्य होणार नाही.

येथे गंधसंकेताचा पक्ष, निदान एन्नोरपुरता, मागे पडतो. ज्या हवेचा मार्ग कोणाच्या ताब्यात असतो, तिथेच गंधसंकेत विश्वासार्ह ठरतो. खाणीत हवा पंख्यांनी ठरवलेल्या वाटेने वाहते, सिलिंडरचा वायू स्वयंपाकघराच्या चार भिंतींत असतो, परंतु उघड्या किनाऱ्यावर मुद्दाम सोडलेला वास वारा नेईल तिकडे जाईल, ज्याला धोका नाही त्याला घाबरवील आणि ज्याला धोका आहे त्याच्यापर्यंत कदाचित पोहोचणारही नाही. अभियंताही हा मुद्दा सोडून देतो. त्यानंतर वाद स्पर्शसंकेताच्या तंत्रावर राहत नाही. तो संकेत कोणी द्यायचा आणि तो मिळाल्यावर काय होते, याकडे वळतो.

डॉक्टर : भोपाळमध्ये लोकांसाठीचा भोंगा रात्री एकच्या सुमारास वाजवून थोड्या वेळाने बंद केला गेला, कारण लहानसहान गळतीने वस्तीत घबराट होऊ नये अशी कंपनीची कार्यपद्धती होती. विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समध्ये ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरिन पसरले आणि बारा जणांचा जीव गेला, तेव्हा कारखान्यात भोंगे होते, ते वाजवले गेले नाहीत. दोन्ही ठिकाणी यंत्र होते. बटणावर बोट ठेवणारा माणूस थांबला. भोंग्याच्या जागी पट्टा आणल्याने ते बोट बदलत नाही.

अभियंता : म्हणूनच बटण नको. नळवाहिनीतला दाब ठरावीक वेगाने खाली आला किंवा किनाऱ्यावरच्या दोन संवेदकांनी एकाच वेळी अमोनिया दाखवला, की कोणाच्याही परवानगीशिवाय पट्टे आणि त्या भागातले फोन थरथरू लागतील. घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम कारखान्याबाहेरच्या लोकांना आधीच माहिती देण्याचे आणि आपत्ती आराखड्याचे बंधन घालतातच. त्यात ही स्वयंचलित जोडणी आणता येईल. दूर समुद्रात गेलेल्या होड्यांसाठी २०१९ मध्ये भारत सरकारने आणलेले जेमिनी उपकरण आहे, जे गगन उपग्रहप्रणालीवरून सूचना घेऊन ब्लूटूथने मच्छीमाराच्या फोनवर देते. २०१७ च्या ओखी वादळात फोनच्या टप्प्यापलीकडे असलेल्या होड्यांना वेळेवर काही कळले नाही, त्या अनुभवातून अशा यंत्रांची निकड पुढे आली. त्याच वाटेने वायुगळतीचा इशाराही जाऊ शकतो.

डॉक्टर : स्वयंचलित इशारे चुकीचेही येतील. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६८ टक्के जणांनी पेजर किंवा फोन थरथरत नसतानाही थरथर जाणवल्याचे सांगितले. त्वचा स्वतःच खोटे इशारे बनवते. त्यात यंत्राच्या खोट्या इशाऱ्यांची भर पडली की तिसऱ्या वेळी कोणी हलणार नाही.

अभियंता : खोट्या इशाऱ्याची किंमत आज कामगार भरतो, म्हणून तो हलत नाही. ट्रेलरचालक रांग सोडून बाजूला गेला तर त्याचा नंबर जातो आणि परत रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. कंत्राटी टोळी काम थांबवून निघाली तर त्या तासांची मजुरी कापली जाते. ती किंमत कारखान्याने आणि बंदराने भरायची असे ठरले, तर चुकीचा इशारा कमी करण्याची घाई आपोआप त्यांना होईल. इशारा आल्यावर सोडलेला रांगेतला नंबर कायम राहील आणि थांबलेल्या वेळेची मजुरी मिळेल, एवढी दोन वाक्ये वाहतुकीच्या आणि कामाच्या करारात घालावीत. पट्ट्याच्या किमतीपेक्षा या दोन वाक्यांवर अधिक वेळ खर्च व्हावा.

डॉक्टर : याला पूर्ण सहमती. कारखाना कायद्यात भोपाळनंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कामगाराला नजीकचा धोका वरिष्ठांच्या ध्यानात आणून देण्याचा हक्क दिला. आपली दोन वाक्ये त्या हक्काला पोटापाण्याचा आधार देतील. पण खाडीत कोळंबी चाचपणाऱ्या बाईला करार नाही, मालक नाही, रांगेतला नंबर नाही. इशारा आला म्हणून ती पाण्याबाहेर निघाली, तर त्या ओहोटीची कोळंबी गेली. तिला कोण देणार?

अभियंता : ज्याच्या नळवाहिनीतून इशारा आला, त्याने. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत, दर ओहोटीचा दर आधी ठरवून, इशारा खरा की खोटा याची चौकशी होण्याची वाट न पाहता.

डॉक्टर : आणि पट्टे कोणाच्या ताब्यात?

अभियंता : किनाऱ्यावर, होड्या लागतात त्या जागी, मच्छीमारांच्याच ताब्यात. चार्जिंगची जबाबदारी कारखान्याची. सराव महिन्यातून एकदा, आणि तो सकाळी अकरा वाजता मोकळ्या मैदानावर घ्यायचा नाही. वर्षातून निदान दोनदा तो रात्री पावणेबाराला घ्यायचा, झोपलेल्या वस्तीत, होड्या पाण्यात असताना, आणि ज्यांना कंप जाणवला नाही त्यांची नावे दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे द्यायची.